जुने गाणे कोणाचे?



'जुने ते सोने' ही म्हण संगीताला लावताना जुने म्हणजे नेमके केव्हाचे, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आले. त्या परंपरेतील पदांवर पोसलेल्या रसिकांना पुढचे भावगीत पातळ वाटले. भावगीतात रमलेल्यांनी चित्रपटगीताला नाके मुरडली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरील 'गीतरामायणा'साठी रेडिओभोवती गोळा होणारी पिढी पुढे कॅसेटच्या गाण्यांना गोंगाट म्हणू लागली. आणि आज त्याच कॅसेटमधील गाणी मोबाईलवर लावून हळवे होणारे गृहस्थ आपल्या मुलांच्या गाण्यांवर तोच शेरा मारतात. तारुण्यातील आठवणी मनुष्याच्या स्मरणात सर्वांत ठळक राहतात, असे मानसशास्त्र सांगते. तेव्हा संगीताचे सुवर्णयुग म्हणजे पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या विशीचे दुसरे नाव होय.

सत्तेलाही हा मोह सुटलेला नाही. परदेशी वाद्य म्हणून १९४० साली हार्मोनियमला आकाशवाणीवर मज्जाव झाला आणि तो तीन दशके टिकला. १९५२ नंतर मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणामुळे चित्रपटगीतेही तेथून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, तेव्हा १९५७ साली 'विविधभारती' सुरू करावी लागली. आज बाजाची पेटी हीच भजनाची अस्सल परंपरा ठरली आहे आणि त्या काळची चित्रपटगीते अभिजात म्हणून गौरविली जातात. कालचे निषिद्ध आज वारसा होते, हा यातील धडा आहे.

परंतु पिढ्यांचे हे भांडण ज्यांच्या घरात तबकडी, रेडिओ वा कॅसेट पोहोचली त्यांच्यापुरतेच आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत याचा प्रत्यय येतो. येथून मुंबईला कामावर जाणारा प्रवासी लोकलच्या डब्यात टाळांच्या साथीने अभंग म्हणतो. आगरी लग्नात धवला गाणाऱ्या धवलारणीच्या आवाजावर हळदीच्या डीजेचा आवाज चढतो. डोंगरावरील ठाकर आणि कातकरी वाड्यांचे गाणे मात्र 'जुन्या गाण्यां'च्या कोणत्याच यादीत नसते. १९७७ साली गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत' हा ठाकरांच्या जीवनावरील चित्रपट निघाला. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी मराठी मन जिंकले, आणि ते योग्यच झाले. पण शहरातील रसिकाच्या स्मरणात त्या चित्रपटाची गाणी 'जुनी' म्हणून अमर झाली. ज्यांच्या जीवनावर तो निघाला, त्यांच्या स्वतःच्या गाण्यांना ते भाग्य लाभले नाही. स्मरणरंजन हेदेखील एक प्रकारचे भांडवल आहे आणि त्याची वाटणी इतर भांडवलाइतकीच विषम आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी ही ठाकर वस्ती दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले; सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि अखेर शोधकार्य थांबवावे लागले. घरांचे आणि गुरांचे पंचनामे होतात, नुकसानभरपाई ठरते. परंतु ज्या समाजाचे गाणे कागदावर नाही, तबकडीवर नाही, केवळ कंठात आहे, तेथे माणूस गेले की गाणेही जाते, आणि त्या हानीला सरकारी तक्त्यात रकाना नसतो.

म्हणून या दोन तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे एक साधे काम आहे. रेशनकार्डासाठी, वनहक्काच्या दाव्यासाठी, रोजगार हमीच्या मजुरीसाठी ते वाडीवर जातातच. तेथील वृद्ध स्त्रीपुरुषांची गाणी त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावानिशी मोबाईलवर उतरवून घ्यावीत आणि त्यांची पहिली प्रत वाडीच्याच शाळेत ठेवावी. त्या गाण्यांवर हक्क गाणाऱ्यांचा आणि वाडीचा राहील, संग्राहकाचा नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करावे. मात्र ही गाणी संग्रहालयात मांडण्यासाठी वाडीने दारिद्र्यात राहावे, असा हट्ट कोणी धरू नये. ठाकराच्या मुलाला डीजेवर नाचण्याचाही तितकाच अधिकार आहे. उद्या तो चाळिशीत येईल आणि 'आमच्या काळचे गाणे' म्हणून काही आठवू लागेल, तेव्हा त्याला आजीचा आवाजही ऐकता यावा, निवड त्याची त्याला करता यावी, एवढेच मागणे आहे. ज्या वर्गाला स्वतःचा भूतकाळ ऐकण्याची सोय नाही, त्याला समतेचे आश्वासन अपुरेच राहते.