पुलावर कोरावयाचे नाव

(ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बुद्धविहारात भरलेल्या सभेतील भाषण)



उद्या ग्रामसभेपुढे एक ठराव येणार आहे. नदीवरील नव्या पुलास, सीमेवर प्राणार्पण केलेल्या आपल्या जवानाचे नाव द्यावे, असा तो ठराव आहे. त्यास उघड विरोध कोणी करीत नाही. “नाव तुमच्या वस्तीतील समाजमंदिरास द्या, आम्ही वर्गणी देऊ; पूल मात्र सर्व गावाचा आहे,” अशी एक सूचना आहे. दुसरी सूचना अशी की, पुलास नुसते ‘वीर जवान सेतू’ म्हणावे, नाव-आडनाव नको. या दोन्ही सूचनांचा विचार करण्यासाठी मी उभा आहे.

प्रथम कायद्याचे सांगतो. अमुक पुलास अमुक नाव द्या, असे न्यायालयाकडून मागण्याचा मूलभूत अधिकार कोणासही नाही. ग्रामसभेचा ठराव ही शिफारस होय. अंतिम मान्यता पूल ज्यांच्या मालकीचा त्या शासकीय यंत्रणेची. हे आज स्पष्ट बोललेले बरे, कारण खोट्या आशेवर चळवळ उभी राहत नाही. परंतु संविधानाच्या अनुच्छेद १४ ने सर्वांस कायद्यापुढे समानता दिली आहे आणि अनुच्छेद १५ ने जातीच्या कारणावरून भेदभाव करण्यास राज्यास मनाई केली आहे. अनुच्छेद १२ प्रमाणे स्थानिक संस्थाही ‘राज्य’ या संज्ञेत येतात. नकाराचे खरे कारण जात असेल, तर तो नकार टिकणारा नाही. यास्तव नकार आलाच तर तो लेखी आणि सकारण मागा. चावडीवर बोललेले कारण आणि इतिवृत्तात लिहिलेले कारण यांत पुष्कळदा अंतर असते.

आता पहिल्या सूचनेकडे वळू. पूल सर्व गावाचा आहे, हे अगदी खरे. पण सीमा कोणाची होती? पहारा देताना त्या जवानाने आपल्या वस्तीपुरताच पहारा दिला नाही. ज्याने सर्वांसाठी प्राण दिला, त्याचे स्मरण मात्र त्याच्या जातीच्या चार घरांत कोंडावयाचे, हा कोठला न्याय? उत्तर प्रदेशात गाझीपूर येथे गंगेवर ‘हमीद सेतू’ आहे. परमवीरचक्राचे मानकरी अब्दुल हमीद १९६५ च्या युद्धात खेमकरण विभागात शत्रूचे रणगाडे फोडताना पडले. ते एका शिंप्याच्या घरचे. त्यांचे नाव गंगेवरील पुलास शोभले, मग आपल्या जवानाचे नाव या नदीस जड का व्हावे?

दुसरी सूचना अधिक फसवी आहे. तिचे उत्तर भीमा कोरेगावच्या स्तंभावर आहे. तो स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला, आपल्या उद्धारासाठी नव्हे. तरीही १ जानेवारी १८१८ रोजी पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली गेली. ४९ नावांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ आहे, म्हणूनच ते महार होते हे जगास कळले. तेथे नुसते ‘शूर शिपाई’ असे लिहिले असते, तर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेलेल्या बाबासाहेबांनी कोणाची नावे वाचली असती?

पण त्या स्तंभाचा दुसरा धडाही विसरू नका. नावे दगडावर तशीच होती, आणि १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. अर्ज, विनंत्या आणि बाबासाहेबांचे प्रयत्न यांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरील चिन्हात कोरेगावचा तोच स्तंभ होता. हक्कावाचून नाव म्हणजे निव्वळ दगड होय. आणि नाव पुसले गेले म्हणजे हक्काचा पुरावाही जातो.

कोणी विचारील, आपण बुद्धाचे उपासक, मग सैनिकाचा गौरव कशास? वैशालीचा सेनापती सीह हा तथागतांचा उपासक होता. आपण युद्धाचा उत्सव मांडीत नाही. कर्तव्य करताना गेलेल्या माणसाचे ऋण मान्य करीत आहोत.

नामांतराची किंमत या समाजास ठाऊक आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात घरे जळली, माणसे गेली. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे १९२४ मध्ये ठरावाने खुले केले होते. पाण्यास हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी. तेव्हा उद्या हात वर झाले म्हणजे काम संपले, असे समजू नका. त्या पुलावरून आपल्या मुलाची वरात आणि आपल्या वृद्धांची अंत्ययात्रा निर्वेध गेली पाहिजे. तोवर फलकावरील अक्षरे अपुरीच आहेत.

उद्या सर्वांनी यावे, स्त्रियांनी तर अवश्य यावे. शांततेने बसावे, अपशब्दास अपशब्दाने उत्तर देऊ नये, आणि ठरावात संपूर्ण नाव, आडनावासह, लिहून घेतल्यावाचून उठू नये. त्या मातेने मुलगा दिला तेव्हा त्याचे आडनाव कोणी गाळावयास सांगितले नव्हते.

जय भीम.