हत्तीपाय आणि घरची शुश्रूषा

(पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र पायावर बोलणार आहे. गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी दर दोन-अडीच महिन्यांनी आठवडाभर गैरहजर राहू लागली. चौकशीअंती कळले, की तिच्या आईचा पाय सुजलेला आहे. मधूनच थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो आणि चूल मुलीकडे येते. मुलीचे नाव शाळेतून काढण्याची बोलणी चालली होती.

मला ही हकीकत नवी नव्हती. माझ्या अम्मीचा डावा पाय मी लहानपणापासून पाहिला आहे. लग्नकार्यात ती मागच्या खोलीत बसे. लेप झाले, शेक झाले. एका दवाखान्यात तर "आता इलाज नाही" म्हणून परत पाठविले. ते अर्धेच खरे होते.

आपल्या पूर्व विदर्भात हा रोग जुना आहे. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास याचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. शिवण्याने, सोबत जेवण्याने तो होत नाही. जंत लसिकावाहिन्यांत राहून त्या निकामी करतात, आणि पाण्याचा निचरा होत नाही. सरकारी मोहिमेतील गोळ्या जंतूंचा प्रसार रोखतात, म्हणून निरोगी माणसांनीही त्या घ्याव्यात. पण एकदा आलेली जुनी सूज त्यांनी उतरत नाही.

मग ताप कशाचा? ब्राझीलमधील रेसिफे शहरात डॉ. गेरुसा ड्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हे झटके बहुधा जंतामुळे नव्हे, तर बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून शिरणाऱ्या साध्या जीवाणूंमुळे येतात. प्रत्येक झटक्यागणिक पाय अधिक जाड होतो. म्हणजे भेगा सांभाळल्या, की पाय सांभाळला. आणि हे काम घरी होते.

रोज साध्या साबणाने व थंड, स्वच्छ पाण्याने पाय धुवावा. घड्या आणि बेचके विसरू नयेत. घासू नये. मग मऊ फडक्याने टिपून कोरडा करावा. आपण वजूत घोट्यापर्यंत पाय धुतो, बेचक्यांतून बोटही फिरवितो. पण लगेच ओलाच पाय चपलेत घालतो! अम्मीचे तिथेच चुकत होते. ओलाव्याने बुरशी येते, कातडी फाटते. वजूच्या जागी एक वेगळे, धुतलेले फडके ठेवले, तेव्हापासून तिच्या भेगा भरू लागल्या. बुरशी दिसली तर डॉक्टरांकडून मलम घ्यावे.

रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय उंच करावा; हृदयविकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. बसल्या बसल्या पाऊल वर-खाली हलवावे. चप्पल सैल असावी, अनवाणी फिरू नये. झटका आला, तर व्यायाम बंद. विश्रांती, गार पाण्याची घडी, भरपूर पाणी आणि त्वरित डॉक्टर. शेक देऊ नका, फासण्या टाकू नका.

पाय पूर्ववत होईल असे वचन मी देणार नाही. त्या मुलीच्या आईचा पाय अजून जाडच आहे. परंतु या संपूर्ण पावसाळ्यात त्यांना एकदाच ताप आला, आणि मुलगी आज दहावीच्या वर्गात, याच सभेत बसलेली आहे.

सभेनंतर व्हरांड्यात बादली, साबण व फडकी मांडलेली आहेत. पाय कसा धुवावा हे मी स्वतःच्या पायावर करून दाखवीन. भगिनींसाठी आतल्या वर्गात आमच्या शिक्षिकाबाई आहेत. तिथे दार लावून घेण्याची सोय आहे.