इतिहासशिक्षकाची पूर्वतयारी
(गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सत्कार झालेल्यांपैकी काहींनी इतिहासाचे शिक्षक होण्याचा मानस सांगितला, याचा आम्हांस आनंद वाटतो. इतिहास घेऊन पदवी, नंतर बी. एड., असा हा मार्ग आहे. बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. आठवीपर्यंत शिकवावयाचे तर राज्यात २०१३ साली प्रथम घेतली गेलेली शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते.

परंतु खरी तयारी याहून कठीण आहे. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांचा कित्ता गिरवून महाविद्यालयातच मोडी शिकावी, अस्सल पत्र व मागाहून रचलेली बखर यांतील भेद ओळखावा.

आपल्या ज्ञातीच्या थोरवीच्या कथा आम्ही याच व्यासपीठावरून सांगत आलो. त्यांपैकी कितींना कागदाचा आधार आहे, हे आम्ही तपासले नाही, अशी कबुली देणे प्राप्त आहे. उद्या वर्गात एखादे मूल ‘कशावरून?’ असे विचारील. त्यास गप्प बसवू नका. आणि तोच प्रश्न आम्हांस विचारण्यासही कचरू नका, एवढेच आमचे मागणे आहे.