रस्ता एकेरी की दुहेरी?

एखादा रस्ता एकेरी असावा की दुहेरी, हे ठरविणे वरवर पाहता फलक लावण्याइतके सोपे काम वाटते. प्रत्यक्षात त्या फलकामागे एक निवाडा असतो. रस्ता प्रथम कोणाचा, त्यावरून पुढे जाणाऱ्याचा की त्याच्या काठी राहणाऱ्याचा?

हा प्रश्न समजून घेण्यास भिलाई हे उत्तम उदाहरण आहे; कारण तेथे दोन प्रकारच्या वस्त्या शेजारी नांदत आहेत. पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी 1955 मध्ये झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत आखली गेली; तिला रुंद रस्ते व वर्तुळाकार चौक लाभले. रेल्वेमार्गापलीकडे मात्र, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडच्या आश्रयाने, सुपेल्यासारख्या बाजारपेठा वाढल्या. वसाहतीत रस्ता आधी आला आणि माणसे मागून. बाजारपेठांत माणसे आधी आली आणि रस्त्याचा विचार मागून. एकेरी-दुहेरीचा वाद उद्भवतो तो या दुसऱ्या प्रकारच्या वस्तीत.

एकेरी रस्त्याचा पक्ष दुबळा नाही. प्रत्येक दिशेला एकच पदर धरला, तर दोन दुहेरी रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग जुळण्याच्या, फुटण्याच्या व छेदण्याच्या 32 जागा निघतात. दोन एकेरी रस्त्यांच्या चौकात त्या 5 उरतात. शिवाय दुहेरी वाहतुकीला साधारण 7 मीटर मोकळा रस्ता लागतो. दोन्ही कडांना वाहने उभी राहणाऱ्या पेठेत तो क्वचितच मिळतो.

परंतु एकेरी रस्त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी द्यावी लागते. समोरून कोणी येत नाही, हे कळताच चालकाचा वेग वाढतो. शंभर पावलांवरच्या दुकानासाठी सायकलवाल्याला अर्ध्या मैलाचा वळसा पडतो. वळसा टाळण्यासाठी तो उलट दिशेने शिरतो, आणि एकाच बाजूला पाहून रस्ता ओलांडणारा पादचारी त्याच्यापुढे सापडतो. तेव्हा कागदावर एकेरी असलेला रस्ता व्यवहारात दुहेरीच असतो. फक्त त्या दुहेरीपणाला कोणताही नियम नसतो.

असा बदल करून पाहिलेले शहर म्हणजे अमेरिकेतील लुईव्हिल. तेथे 2011 साली ब्रुक व फर्स्ट हे दोन एकेरी रस्ते दुहेरी करण्यात आले. अभ्यासकांनी शेजारच्या एकेरी रस्त्यांशी त्यांची तुलना केली, तेव्हा रहदारी वाढूनही टकरी घटल्याचे आढळले: ब्रुकवर 36 टक्के, तर फर्स्टवर 60 टक्के. अर्थात लुईव्हिलचा रस्ता म्हणजे सुपेल्याची पेठ नव्हे. तेथे हातगाडी, रिक्षा, सायकल आणि गाय एकाच पदरात चालत नाहीत. परदेशातील आकडे आशा देतात. निर्णय देत नाहीत.

निर्णय द्यावयाचा तो मोजमापाने. उभ्या वाहनांना वगळून रस्ता किती रुंद उरतो, दिवसाकाठी किती जण उलट दिशेने शिरतात, रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो, हे कारखान्याची पाळी सुटते त्या वेळी मोजावे आणि भर दुपारीही मोजावे. अल्पकाळाच्या प्रयोगाची कल्पना कायद्यालाही अपरिचित नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नसते. स्थानिक प्रसिद्धी पुरते. आधी वाहने उभी करण्याची शिस्त लावावी, मग महिनाभर दुहेरी वाहतूक करून पाहावी, आणि पुन्हा मोजावे. सात मीटर मोकळे मिळतच नसतील, तर रस्ता एकेरी ठेवावा. पण सायकलवाल्याचा वळसा कमी करणारी एखादी वाट त्याला द्यावी.

या मोजणीत दुकानदाराचा गल्ला व मोटारचालकाची मिनिटे अवश्य धरावीत. परंतु शाळा सुटल्यावर तो रस्ता ओलांडणारे मूल कोठेही तक्रार नोंदवीत नाही. त्याची मोजणी नगराने आपण होऊन केली पाहिजे, आणि तीही सर्वांत आधी.