शनवार तेल्यांचे प्रार्थनामंदिर

(चामोर्शी येथील व्याख्यानाचा शब्दांकित भाग)



वैनगंगेच्या काठी मार्कंडेश्वराची मंदिरे ज्या तालुक्यात उभी आहेत, तेथे बसून समुद्रकाठच्या ज्यू समाजाची कथा ऐकणे काहींना अंमळ दूरचे वाटेल. परंतु याच तालुक्यात आणि शेजारच्या मुलचेऱ्यात पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्यांची गावे आहेत. परमुलखात पाय रोवून तेथे पहिली दुर्गापूजा मांडणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

अलिबागजवळच्या नवगावापाशी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तेथेच मूठमाती दिली गेली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. ही घटना दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणतात. इतिहासकारांचे मात्र काळाविषयी एकमत नाही. धर्मग्रंथ समुद्रात गेले. हाती उरले ते थोडे: शनिवारी काम बंद, मुलाची सुंता आठव्या दिवशी, खवले असलेलाच मासा, आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना. कुलाब्यातील गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा थांबे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली: पेणकर, दिवेकर, किहीमकर, राजपूरकर. घरात बोली मराठीच.

पुढे दावीद राहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने त्यांना ओळखले. त्याने स्त्रियांपुढे नाना जातींचे मासे ठेवले आणि त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, अशी आख्यायिका आहे. त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मकृत्ये शिकवली. त्यांना काजी म्हणत. एवढे होऊनही सिनेगॉग नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या हा समाज देवळावाचून, पुरोहितावाचून आणि पोथीवाचून टिकला. मला या इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

पहिले सिनेगॉग बांधले ते एका शिपाईगड्याने. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. ‘बेने इस्रायल’ हे नाव कुराणात आहे, असे टिपूच्या आईने सांगितल्यामुळे त्यांचा जीव वाचला, असे समाजात सांगतात. सुटका झाल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात सिनेगॉग उभारले. त्याचे नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे नाव पडले. बेने इस्रायल आपल्या सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. जवळच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच आले, असे अनेक अभ्यासक मानतात. लोकलने रोज त्या स्थानकावरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

सिनेगॉगात मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीतील कपाटात चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोरा असते. मधोमध वाचनाचा चौथरा, वर स्त्रियांचा सज्जा. कारभार पाहणारे मुकादम, चौगुले आणि गाबाई. यातील पहिले दोन शब्द थेट आपल्या गावगाड्यातले.

हिब्रू शिकण्याची सोय झाली ती मात्र अनपेक्षित वाटेने. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. हेतू अर्थातच धर्मांतराचा. बेने इस्रायलांनी भाषा घेतली आणि, अगदी तुरळक अपवाद सोडले तर, धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी पुढे हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. १८८० पासून तर अब्राहाम आणि मोशेची आख्याने मराठी कीर्तनात रंगू लागली!

कोकणातही सिनेगॉग उभी राहिली: रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये, पेणला १८६३ मध्ये, ठाण्याला १८७९ मध्ये. पुण्याचे भव्य ‘लाल देऊळ’ डेव्हिड ससूनचे. ससून बगदादी ज्यू, कोट्यधीश व्यापारी. रेवदंडा-पेणची साधी सिनेगॉग मराठी बोलणाऱ्यांची. माझे मन त्या साध्या वास्तूंत अधिक रमते.

भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, हे वाक्य आपण व्यासपीठावरून अभिमानाने उच्चारतो. बेने इस्रायल स्वतःही ते कृतज्ञतेने सांगतात. पण एवढे बोलून आपण थांबतो, आणि ज्यांच्याविषयी बोललो ते शेजारी आपल्याला अनोळखीच राहतात.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले आणि स्थलांतर सुरू झाले. १९५१ च्या जनगणनेत देशात २६ हजारांहून अधिक ज्यू होते; २०११ मध्ये पाच हजारही नव्हते. जे तिकडे गेले, त्यांच्या वाट्याला वेगळाच अनुभव आला. विवाहप्रसंगी तेथील धर्मपीठ त्यांच्या वंशाची चौकशी करू लागले. ज्यांनी ग्रंथावाचून शनिवार पाळला, त्यांना ज्यूंच्याच देशात ज्यूपण सिद्ध करा म्हणून सांगितले गेले! जेरुसलेममध्ये आंदोलन झाले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये इस्रायल सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्र शासनाने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

आता प्रश्न उरलेल्या वास्तूंचा. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असतील तर तोरा कपाटातून बाहेर काढून वाचता येत नाही. कोकणातील जुन्या सिनेगॉगांत सणावाराला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात तेव्हा हा आकडा भरतो. एरवी एखाद-दुसरे कुटुंब दार उघडते, दिवा लावते.

आणि तिकडे रामला, लोद, दिमोना या गावांत कोकणातून गेलेल्यांनी पुन्हा आपली सिनेगॉग उभारली आहेत. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालवले. नवस फेडताना ते एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, ओला नारळ, वर फळे. हा एलियाहू रथातून स्वर्गात गेला तो अलिबागजवळच्या खंडाळ्याहून, अशी त्यांची श्रद्धा. तेथील खडकावर रथाच्या चाकाची खूण दाखवतात.