हजारांतला एक आणि उरलेले



चिकाटीवर व्याख्यान म्हटले की कोळ्याची नाहीतर कासवाची गोष्ट ठरलेली. आज त्या दोघांनाही विश्रांती देऊन आम्ही इटलीतल्या एका गाण्याविषयी बोलणार आहोत. गाणे शास्त्रीय नव्हे. जाता-येता गुणगुणण्याजोगे आहे. नाव ‘ऊनो सू मिल्ले’, म्हणजे ‘हजारांत एक’. १९८५ साली जान्नी मोरांदीने ते गायिले.

हा मोरांदी १९४४ साली बोलोन्याजवळच्या डोंगरातील मोंगिदोरो गावी, जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. १९६४ साली, विशी उलटण्यापूर्वीच, त्याच्या गाण्यांनी देशाला वेड लावले. पुढे हवा पालटली. ५ जुलै १९७१ रोजी मिलानच्या विगोरेल्ली मैदानावर, लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाला ऐकायला जमलेल्या तरुणांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याला रंगमंचावरून उतरावे लागले.

उताराच्या त्या वर्षांत त्याने काय केले? रोमच्या सांता चेचिलिया संगीतविद्यालयात तो विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि कॉन्ट्राबास हे खर्जाचे, पुरुषभर उंचीचे तंतुवाद्य शिकू लागला. लाखोंनी ज्याला ऐकले, तो पुन्हा गुरूसमोर बसला!

म्हणूनच ते गाणे त्याच्या तोंडी शोभते. चढण अवघड आहे आणि माथ्यावर पोचणारे थोडे, हे त्यात आडपडदा न ठेवता सांगितले आहे. गीतेतही हजारांत एक अशी मोजणी आहे. परंतु तेथे प्रयत्न करणारा विरळा, येथे यश मिळवणारा.

मग उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचे काय? आम्हांस हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ‘प्रयत्न केला की यश मिळतेच’ असे आपण मुलांना सांगतो. त्याचा उलटा अर्थ असा होतो की, ज्याला यश मिळाले नाही त्याने प्रयत्नच केला नाही. राबून राबून हरलेल्या माणसाचा हा केवढा अपमान! हजारांत एकच पार पडतो असे म्हणणारे गाणे निदान त्याला आळशी ठरवीत नाही.

चिकाटी म्हणजे बंद दारावर तेच डोके आपटणे नव्हे. फळ हाती नसते, पण शिकणे हाती असते. १९८५ चे गाणे पडले असते, तरी कॉन्ट्राबासची विद्या मोरांदीचीच राहिली असती.

पुढे १९८७ साली तोझ्झी आणि रुज्जेरी या दोघांसह तो सानरेमोची स्पर्धा जिंकला. २०२१ साली आगीत पडून त्याचे हात भाजले. तरी २०२२ साली, सत्याहत्तराव्या वर्षी, सानरेमोत तो तिसरा आला. पहिला नव्हे, तिसरा! त्या तिसऱ्या क्रमांकाचेही कौतुक करण्याइतके आपले मन मोठे व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.