शेजारी पुन्हा शेजारी होतो का?

ज्या शेजाऱ्यानं आपल्या घरातली माणसं मारली, त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवता येईल? आफ्रिकेतल्या रवांडाला हा प्रश्न टाळता आला नाही. तिथं १९९४ मध्ये सुमारे १०० दिवसांत तुत्सी समाजातल्या लाखो लोकांची कत्तल झाली. आरोपींनी तुरुंग खच्चून भरले, न्यायालयं अपुरी पडली. मग गावोगावी ‘गचाचा’ लोकन्यायालयं भरू लागली. मोकळ्या जागेत गाव जमे, गावानंच निवडलेले पंच समोर बसत. गुन्हा कबूल करून मृतदेह कुठं टाकला हे सांगणाऱ्याची शिक्षा कमी होई; तिचा काही भाग रस्ते, घरं बांधण्याच्या कामावर भोगता येई. २०१२ पर्यंत १२ लाखांहून अधिक खटले निकाली निघाले.

सगळं सुरळीत झालं का? नाही. साक्षीदारांना धमक्या आल्या, कित्येक कबुल्या अर्धवट होत्या. अनेकांना माफ करणं जमलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. तरी काहींना आपल्या माणसाचे अवशेष मिळाले, रीतसर दफन करता आलं.

आधी खरं सांगावं, मग भरपाई करावी, पुढं वर्षानुवर्षं नीट वागावं. अपराध्याच्या हाती एवढंच असतं. विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचा घात झाला त्यानंच ठरवायचं.